राजारामची कामटी

"काका, पक्के दात कशाला हवेत तुम्हाला?" डॉक्टर ऋषिराजनं विचारलं. "पुढचे चार दात गेलेत. काढघालीची कवळी तुमच्याकडं आहेच. हाड बसवा, त्यात स्क्रू घाला, वर्ष-दीड वर्ष थांबा, एवढा खटाटोप कशासाठी?"

प्रश्न साधा होता, आणि राजाराम खरं सांगायलाच तोंड उघडत होता. पण डॉक्टरला गप्प बसवेना. सांगलीत दवाखाना टाकून त्याला दोनच वर्षं झाली होती, आणि नव्या डॉक्टरांना ओळखी काढायची हौस दांडगी असते.

"मिरजेत दस्तगीरभाईंच्या कारखान्यात असता ना तुम्ही? माझ्या आईचा तानपुरा तुमच्याकडचाच आहे. जवारी राजारामनं लावलीय, म्हणून आई सगळ्यांना कौतुकानं सांगते. दस्तगीरभाईंकडं तिचं दर महिन्याला जाणं असतं."

 जे सांगायचं होतं ते राजारामनं गिळलं आणि तो म्हणाला, "दिसाया बरं दिसत न्हाई, डाक्टर. पोरीचं लगीन हाय. फोटूत बोळकं दिसतंय."

डॉक्टर मोकळेपणानं हसला आणि त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. शेजारच्या खुर्चीत लक्ष्मीबाई बसली होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. त्यांच्या दीक्षाचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, तिचं थोरलं पोर शाळेत जात होतं.

खरं कारण हे होतं की राजाराम त्या दातांनी ऐकत असे.

हसू येईल कुणाला, पण तसंच होतं. लहानपणी वडूजला असताना त्याचे कान फुटायचे. आई लसणाचं तेल सोडायची, वर कापसाचा बोळा घालायची आणि पोराला उन्हात बसवायची. पुढं कान फुटायचे थांबले, पण पन्नाशीच्या आत ऐकू येणं उतरत गेलं. मिरजेत डॉक्टरांना काय तोटा, त्यातल्या एकानं कानात घालायचं मशीन दिलं. त्यातून माणसं ऐकू यायची, पण तानपुरा पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यागत वाजायचा. राजारामनं ते मशीन ट्रंकेत टाकून दिलं. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायला शिकला. त्याला हाक मारून भागत नाही, खांद्याला हात लावावा लागतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण जवारीला त्याचा कान शाबूत आहे, अशी सगळ्यांची खात्री होती, कारण जवारी बिनचूक यायची.

तानपुऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर एका हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीची पाठ कानशीनं अशी घासायची की कंप पावणारी तार तिला हलकेच चाटत राहावी, आणि मग तार नि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. हे झालं जवारी लावणं. केसभर चुकलं की तार नुसती टण्ण करून गप्प होते. बरोबर आलं की एका तारेतून सूर उमलत जातो आणि खोली भरते. कारखान्यात त्याला 'बोलला' म्हणत. तानपुरा बोलला की नाही, हे ठरवायचं काम राजारामचं. पंचवीस वर्षं त्यानं 'बोलला' म्हटल्याशिवाय एक वाद्य दाराबाहेर गेलं नव्हतं. दस्तगीरभाई मालक खरे, पण त्यांचा स्वभाव मऊ. गिऱ्हाईक ताटकळलं की ते लवकर 'पुरे' म्हणायचे. म्हणून तर त्यांनी ती जागा आपण होऊन राजारामला दिली होती.

कान उतरले तेव्हा राजारामची झोप उडाली होती. आणि एक दिवस धागा सरकवायची बांबूची कामटी तोंडात धरून तो वाकला असताना तिचं दुसरं टोक तबलीला टेकलं, बोट तारेला लागलं, आणि अख्खा सूर दातांतून डोक्यात शिरला. मागं कुणी दुसरा तानपुरा छेडला का, म्हणून त्यानं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. पुन्हा कामटी टेकवली, पुन्हा छेडलं. तरुणपणी ऐकला होता तसाच सूर, काठोकाठ भरलेला. त्या दिवशी तो मोरीत जाऊन रडला.

पुढची आठ वर्षं ती कामटी त्याच्या पुढच्या दातांत राहिली. सुतार खिळे तोंडात धरतो तशी राजारामची ही खोड, एवढंच लोकांना वाटायचं. खरं माहीत होतं ते एकट्या लक्ष्मीबाईला.

आणि ती जागा त्याला फुकट मिळाली नव्हती. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याच्या बापानं, केरबानं, गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, पण पुन्हा हात लावला नाही. आणि सात वर्षांनी पोरगा मिरजेला जाऊन काय करतो, तर उंटाचं हाड घासतो. केरबा एकदा कारखान्यात आला, हाडाच्या घोड्यांचा ढीग बघून त्याचा चेहरा उतरला. "पुन्यांदा हाडंच व्हय रं?" एवढंच तो म्हणाला. राजारामनं त्याला खाली बसवलं आणि तार छेडली. "आबा, ह्ये हाड बोलतंय." केरबा बराच वेळ ऐकत बसला होता, आणि जाताना दस्तगीरभाईंच्या हातचा चहा पिऊन गेला.

तर सत्त्याण्णवच्या शिमग्यानंतर राजाराम माधवनगरला जवारीचं सूत आणायला सायकलवरून गेला. तिथल्या एका ओळखीच्या मागवाल्याकडं पीळ चांगला मिळायचा. येताना मागून उसाचा ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला होता, असं बघणारे म्हणाले. राजारामला काही ऐकू आलं नाही. उसाच्या मोळीचा धक्का लागला आणि तो तोंडावर दगडावर पडला. वरचे चार दात गेले, त्यांच्यामागच्या हाडाचाही चुरा झाला. कारखान्यात त्यानं सांगितलं, ब्रेक तुटला.

कवळी बसवली, पण तिच्यात कामटी धरली की ती डुगडुगायची. सूर यायचा तो गोणपाटातून आल्यासारखा. दाढा तंबाखूनं केव्हाच खाल्ल्या होत्या. सुळ्यात कामटी धरून बघितली, तर मान वाकडी करावी लागायची आणि घोडीवरची नजर सुटायची. मग कवळी करणाराच बोलता बोलता म्हणाला, की सांगलीत एक नवा डॉक्टर आलाय, तो थेट हाडात दात रोवतो, हाड आणि स्क्रू एकजीव होतात. बाकीचं राजारामनं ऐकलंच नाही. हाडात रोवलेला दात म्हणजे सूर पुन्हा डोक्यात. त्याला ते डॉक्टरच्याही आधी कळलं होतं.

त्या पहिल्या दिवशी डॉक्टरनं जबड्याचा साचा हातात घेऊन समजावलं. पुढचं हाड सुरीच्या पात्याएवढं उरलंय, त्यात स्क्रू मावणार नाही. म्हणून आधी दुसरीकडचं हाड आणून तिथं भर घालायची, बारीक स्क्रूनं आवळायचं आणि पाच महिने थांबायचं. धरलं तर पुढं पक्का स्क्रू, मग आणखी सहा महिन्यांनी दात.

"हाड कशाचं? उंटाचं?" राजारामनं विचारलं.

"तुमचंच, काका. हनुवटीतून काढायचं."

"उंटाचं चिवट असतं," राजारामनं मनापासून सांगितलं. डॉक्टर पुन्हा हसला. पण आपलंच हाड म्हटल्यावर राजारामलाही बरं वाटलं.

नागपंचमीनंतरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरच्या तोंडावर फडकं होतं, त्यामुळं तो काय बोलतो ते राजारामला कळेना. तो छताकडं बघत पडून राहिला. मग हनुवटीला यंत्र लागलं आणि त्याचा आवाज स्वच्छ, मोठा, हाडातून थेट आला. पाच महिन्यांत त्यानं धड ऐकलेला तो पहिला आवाज. पाठोपाठ वास आला. जळक्या हाडाचा, ओल्या भुकटीचा, कारखान्यात रोज नाकात जाणारा. चौतीस वर्षं आपण ज्याला घासलं, ते आता आपल्यालाच घासतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला भीती वाटली.

बाहेर आल्यावर लक्ष्मीबाईनं सगळं तोंडासमोर उभं राहून पुन्हा सांगितलं. डॉक्टरनं कागदही दिला होता. पुढच्या बाजूनं काही चावू नये. कडक, तिखट खाऊ नये. तंबाखू बंद. कवळी लग्नकार्यापुरतीच घालावी. राजारामनं तो कागद देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या बुद्धाच्या तसबिरीखाली खोचला आणि शब्दन् शब्द पाळला. चाळीस वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडली. लक्ष्मीबाई भाकरी दुधात कुस्करून द्यायची, तो मुकाट्यानं गिळायचा.

"आवं, डाक्टरला खरं काय ते सांगा," ती अधूनमधून म्हणायची. "दात कशापायी पायजेत त्ये सांगाया काय लाज हाय?"

"त्येची आई भाईंकडं येती. एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात जायाला किती येळ लागतोय?"

"मग भाईंनाच सांगा की."

"काय सांगू? आठ वर्सं भैरा माणूस तुमच्या तानपुऱ्याला बोलला म्हनतूय, आसं सांगू?"

 ती भांडी आवरायला उठायची.

कारखान्यात तो आता डोळ्यानं आणि बोटानं जवारी लावू लागला. घोडीवरचा उजेड बघायचा, तारेचं कापणं बोटाला लावून अंदाज घ्यायचा. हात सवयीचा होता, बरीच कामं निभावली. निदान वाद्यं परत आली नाहीत. तो 'बोलला' म्हणायचा. गिऱ्हाईक वाद्य घेऊन पायरी उतरेपर्यंत तो त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा.

दिवाळीच्या आधी साताऱ्याच्या गाणाऱ्या बाईंचा तानपुरा जवारीला आला. बाई साठीच्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, साताऱ्यात त्यांच्याकडं पोरीबाळी गाणं शिकायच्या. राजारामनं चार दिवस खपून जवारी लावली आणि तानपुरा एस.टी.नं रवाना केला. आठ दिवसांत तो परत आला. सोबत चिठ्ठी होती. दस्तगीरभाईंनी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. राजारामनं हात पुढं केला, तेव्हा नाइलाजानं दिली.

'या खेपेला राजारामांनी हात लावलेला दिसत नाही,' असं बाईंनी लिहिलं होतं. 'सवडीनं त्यांच्याकडूनच लावून घ्यावी. मी तीन आठवड्यांनी स्वतः न्यायला येईन.'

"व्हतंय आसं कवा कवा," दस्तगीरभाई म्हणाले. "तोंडाचं आपरेशन झालंय तुझं, ताप न्हाई तर काय. सावकाश लाव, गड्या."

राजाराम तानपुरा घेऊन आपल्या कोपऱ्यात बसला. बाईंनी शिवी दिली असती तर सोसली असती. पण हात लावलेला दिसत नाही, म्हणजे आता त्याचा हात त्याचा राहिलाच नव्हता. तीन आठवड्यांत बाई समोर बसून तार छेडणार, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसेल ते दस्तगीरभाईंनाही दिसणार.

पंधरवडा त्यानं घासलं, पुसलं, धागा सरकवला. घोडी पातळ होत चालली. अजून चार वेळा कानस फिरवली असती तर ती बादच झाली असती.

हिरडी आता भरून आली होती. जिभेला टणक लागायची, दुखत नव्हती. तीन महिने होत आले होते. राजारामनं कागद आठवला. चावू नये. तो काही चावणार नव्हता. कामटी काय खायची वस्तू आहे? नुसती टेकवायची. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा त्यानं कामटीचं टोक वरच्या हिरडीला लावलं, खालच्या दातांनी हलकेच आधार दिला, दुसरं टोक तबलीवर ठेवलं आणि तार छेडली.

सूर आला. दातांतून यायचा त्याहून जवळ, जणू मधली भिंतच काढली होती. राजारामचे डोळे भरले. पण तो कारागीर होता, रडतानाही त्याला कळलं की पंचमाची तार लवकर विझतेय. त्यानं कानस उचलली.

सात दिवस तो तसाच बसला. सकाळी, दुपारी, दिवस मावळेपर्यंत. सूर नीट यायला कामटी जरा दाबावी लागायची, तेवढी तो दाबायचा. सुताचा धागा केसाच्या अंतरानं पुढंमागं करायचा, आणि एकेक तार जागी व्हायची. घरी तो दूधभाकरीच खायचा. लक्ष्मीबाईनं मिरचीचा ठेचा समोरून उचलून ठेवला तर तिला म्हणायचा, राहू दे, मला नकोच आहे. आपण पथ्य मोडतोय असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही.

बाई आल्या. चटईवर बसल्या, तानपुरा मांडीशी घेतला, चारी तारा छेडल्या आणि डोळे मिटले. राजारामला काही ऐकू येत नव्हतं. तो त्यांच्या कपाळाकडं बघत होता. कपाळावरची आठी हळूहळू गेली. बाईंनी बराच वेळ हात थांबवला नाही. शेवटी डोळे उघडून त्या राजारामकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हा तुमचा हात. इतका तर नवीन होता तेव्हाही बोलला नव्हता."

दस्तगीरभाईंनी चहा मागवला. राजाराम त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपला.

आठवड्यानं तोंडाला घाण चव आली. मग ठसठस सुरू झाली. जिभेला हिरडीतून काहीतरी टोचायला लागलं, आरशात बघितलं तर पांढुरकी फट दिसली आणि तिच्यात स्क्रूचं चकाकतं डोकं. लक्ष्मीबाईनं तोंडात बॅटरी धरून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती त्याला सांगलीला घेऊन गेली.

डॉक्टरनं चिमट्यानं नुसता स्पर्श केला. हाडाचा तुकडा हलला.  त्यानं भूल दिली, स्क्रू काढले, तुकडा काढला आणि तो ताटलीत ठेवला. बोटाच्या पेराएवढा, पिवळट पडलेला. राजारामनं आयुष्यभर हाडं हाताळली होती. हे मेलंय, हे त्याला ताटलीकडं बघताच कळलं.

"काय चावलं होतं?" डॉक्टरनं तोंडावरचं फडकं खाली ओढून विचारलं.

"काय न्हाई. दूधभाकरीबिगर काय न्हाई."

"तंबाखू?"

"शप्पथ न्हाई, डाक्टर," लक्ष्मीबाई मध्येच म्हणाली. "मी बगतीया न्हवं."

डॉक्टर स्टुलावर बसला. पोरगेला चेहरा त्याचा, तो पार उतरला होता. "मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "स्क्रू कमी आवळला गेला असणार. ही माझी चौथीच केस, काका. आधीच्या तीन धरल्या, म्हणून मला वाटलं होतं..." त्यानं हातमोजे काढले. "जखम भरू दे. मग कमरेचं हाड घेऊन पुन्हा करू, मिरजेला भरती करून. माझ्याकडून झालंय, मी तुमच्याकडून काही घेणार नाही."

राजारामनं ते ओठांवरून वाचलं. गप्प बसलं की झालं. दात मिळण्याची वाट पुन्हा मोकळी होती, आणि गुपितही झाकलेलं राहणार होतं. पण हा पोरगा पुढच्या माणसाच्या तोंडात हात घालताना आता थरथरणार, हेही त्याला दिसत होतं. हातावरचा विश्वास उडाला की काय होतं, ते राजारामला कुणी सांगायला नको होतं. अपघातापासून तो तेच भोगत होता.

त्यानं सदऱ्याच्या खिशातून कामटी काढली आणि ताटलीशेजारी ठेवली.

"तुमचं न्हाई चुकलं," तो म्हणाला. "मी ह्येनं ऐकतो."

मग सगळं सांगितलं. सुन्न झालेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते, तिथं लक्ष्मीबाई पुरवत होती. वडूजचे कान, मशीन, ट्रक, साताऱ्याच्या बाई, सात दिवस. डॉक्टरनं कामटी उचलली. तिचं एक टोक चावून चावून काळं पडलं होतं.

"हे हिरडीला लावून दाबायचा? रोज किती वेळ?"

"दीस मावळंस्तवर. पर चावलं न्हाई, डाक्टर. कागदावर लिवलंय तसं..."

"हो. कागदावर चावू नका लिहिलंय. काही टेकवू नका असं लिहिलेलं नाही, कारण असं कुणी करत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं." डॉक्टरचा आवाज चढला नाही, पण ओठ आवळलेले होते. "मी विचारलं होतं, काका. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दात कशाला हवेत."

"व्हय."

"तुम्ही फोटो म्हणालात."

राजारामनं मान खाली घातली. लाज अशी कधी वाटली नव्हती, ट्रकच्या धक्क्यानं पडला तेव्हाही नाही.

डॉक्टरनं त्याच्या गुडघ्याला हात लावला, वर बघायला लावलं आणि सावकाश बोलला. कमरेचं हाड घेता येईल. पण आधी ही जखम भरायला हवी, मग हाड, मग स्क्रू, मग दात, सगळी मिळून दोन वर्षं. आणि धरेलच असं आता तो छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हता. "दोन वर्षं कामटी तोंडाला लावायची नाही. कारखान्यात चोरून तर मुळीच नाही. जमणार असेल तर या. आईला मी काही बोलणार नाही. पण दस्तगीरभाईंना तुम्हालाच सांगावं लागेल."

परतीच्या गाडीत लक्ष्मीबाई खिडकीबाहेर बघत होती. मिरज आल्यावर ती म्हणाली, "आज कारखान्यात मी येती तुमच्यासंगं."

"नगं," राजाराम म्हणाला. "तू घरला जा."

दस्तगीरभाई एकटेच गादीवर बसले होते. राजारामनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं. ट्रकपासून सुरुवात केली आणि मग मागं गेला.  म्हाताऱ्याचा हात जवळच्या भोपळ्यावरून फिरत राहिला. सांगून झाल्यावर राजाराम उठून आपल्या कोपऱ्यात गेला.

तिथं नवा तानपुरा जवारीसाठी ठेवला होता. पांढरीशुभ्र घोडी, कानस न लागलेली. त्यानं ती घासायला घेतली. तासभर डोळ्यानं आणि बोटानं जेवढं जमलं तेवढं केलं, धागा सरकवला. मग तानपुरा उचलून गादीपाशी आणला आणि दस्तगीरभाईंच्या मांडीला टेकवला. पंचवीस वर्षांत त्यानं हे कुणाला विचारलं नव्हतं.

"भाई," तो म्हणाला, "तुमी सांगा. बोलला का?"

दस्तगीरभाईंनी तार छेडली. एकदाच. लगेच त्यांचे ओठ हलले. "बोलला," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. त्यांचे डोळे ओले होते.

राजाराम त्या ओठांकडं बघत राहिला. पहिल्या तासात कुठलाही तानपुरा बोलत नाही. हे त्या म्हाताऱ्यानंच त्याला शिकवलं होतं.

"भाई, डाक्टरला मी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्येचं काय झालं त्ये तोंडात हाय माझ्या. तुमी तरी नगा बोलू."

दस्तगीरभाईंनी उपरण्यानं डोळे पुसले. तानपुरा नीट उभा धरला, चारी तारा एकेक करून छेडल्या आणि मान खाली घालून ऐकत राहिले. बाहेर दिवे लागले तरी ते ऐकतच होते. मग त्यांनी राजारामकडं बघितलं आणि डोकं हलवलं. नाही.

"कंची तार?" राजारामनं विचारलं.

म्हाताऱ्यानं दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं. राजारामनं ती सैल केली आणि कानस उचलली.